अमावस्येला पानं मांडा, पौर्णिमेला हिशोब घ्या: टॅरो आणि तिथी धरून महिन्याचं एक काम कसं पार पाडावं

टॅरोची पानं भविष्य सांगतात असं ज्यांना वाटतं, त्यांना माझ्या या पद्धतीचा काही उपयोग होणार नाही. मी बेळगावच्या वडगावात शिलाईचं काम करते. दोन मशीन, एक ओव्हरलॉक, लग्नसराईत मदतीला एक मुलगी. पानं मी ठेवलीत ती या महिन्यात नक्की काय करायचं हे ठरवायला. उद्या काय होणार ते पानांना माहीत नाही आणि मलाही नाही.

तिथी कशाला मग? तर इंग्रजी महिन्याच्या एक तारखेला घरभाडं, विजेचं बिल, भिशीचा हप्ता, सगळं उरावर बसलेलं असतं. त्या दिवशी स्वतःचा विचार करायला कुणाला सवड आहे? अमावस्येचं तसं नाही. आमच्या धंद्यात त्या दिवशी सामसूम. नवं कापड टाकायला कुणी येत नाही, शिवून तयार असलेला ब्लाउजसुद्धा ‘आज नको, उद्या नेतो की’ म्हणून बायका फोनवर सांगतात. बाहेर दुकानांपुढं नारळ फुटतात, गाड्यांना लिंबू-मिरची बांधली जाते आणि मला दुपारचा एक तास अलगद मोकळा मिळतो. चंद्र आपलं काम करून देत नाही. तो तारीख देतो, आणि ती पुढं ढकलता येत नाही. एवढ्यावर माझा विश्वास आहे.

पानं कुठली घ्यावीत

टॅरोचा पूर्ण जोड ७८ पानांचा. त्यात २२ मोठी पानं, त्यांना मेजर अर्काना म्हणतात, आणि ५६ लहान. लहान पानांचे चार रंग आहेत: कप्स म्हणजे पेले, वँड्स म्हणजे काठ्या, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे समजायला पाच मिनिटं लागतात. पेले म्हणजे बदाम, काठ्या म्हणजे किलवर, तलवारी म्हणजे इस्पिक, नाणी म्हणजे चौकट. फरक एवढाच की गुलाम, राणी, राजा यांच्याबरोबर इथं एक घोडेस्वार जास्त असतो, म्हणून प्रत्येक रंगाची तेराऐवजी चौदा पानं. मुळात हा पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला खेळच होता, आणि ती मोठी २२ पानं म्हणजे बहुतेक हुकुमाची पानं. भविष्य वगैरे त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. इजिप्तच्या देवळांतून पानं आली ही गोष्टही तिथलीच, १७८१ ची, आणि तिला कसलाच आधार नाही. कुणी तुम्हाला पाच हजार वर्षांची विद्या म्हणून क्लास विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

घ्यायचा असेल तर रायडर-वेट जोड घ्या. तो लंडनमध्ये १९०९ साली निघाला. आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी त्याची चित्रं काढली. हाच का? तर त्यात लहान पानांवरसुद्धा माणसं आहेत, प्रसंग आहेत. जुन्या फ्रेंच, मार्सेय धाटणीच्या जोडात नाण्यांच्या सत्तीवर नुसती सात नाणी असतात. रायडर-वेटमध्ये तिथं एक शेतकरी खोऱ्यावर रेलून वेलीला लागलेल्या नाण्यांकडं बघत उभा आहे. आमच्या जवळच्या येळ्ळूर गावच्या शिवारात भाताकडं बघत असाच माणूस उभा असतो. आपल्याला चित्र वाचायचंय, म्हणून चित्र पाहिजेच.

जोड यायला वेळ असेल तर घरातले साधे पत्ते घेऊन सुरुवात करा. बदाम म्हणजे माणसं आणि मन, किलवर म्हणजे उत्साह आणि उद्योग, इस्पिक म्हणजे डोकं, वाद, निर्णय, चौकट म्हणजे पैसा, शरीर, हातचं काम. एवढ्यावर पहिला महिना निघतो.

कॅलेंडर बघायची रीत

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, ॲप नको. अमावस्येच्या चौकोनात प्रारंभ आणि समाप्तीची वेळ दिलेली असते. इंग्रजी लेखांत ज्याला न्यू मून म्हणतात, तो क्षण म्हणजे अमावस्या संपायची वेळ. पौर्णिमेचंही तसंच: पौर्णिमा संपते तो फुल मूनचा क्षण. परदेशी साइटवरची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागं असू शकते, म्हणून ती बघूच नका. हिंदी व्हिडिओतही एक घोळ असतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळं त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. आपल्याकडं महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडं महिना अमावस्येला संपतो, म्हणून गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी. सीमेच्या या बाजूला राहून एवढी तरी भांडणं कमी.

तिथी म्हणजे चोवीस तास नव्हेत. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं सरकला की एक तिथी झाली, आणि चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्यामुळं तिथी कधी एकोणीस-वीस तासांची तर कधी सव्वीस तासांची होते. त्यामुळं एखादी तिथी कॅलेंडरातून गायब होते, एखादी दोन दिवस राहते. घाबरायचं कारण नाही. सूर्योदयाला जी तिथी छापलीय ती धरा आणि कामाला लागा. अमावस्येपासून अमावस्या साडेएकोणतीस दिवसांची, म्हणजे पंधरा दिवस धरायचं आणि पंधरा दिवस सोडायचं, असे दोन तुकडे आपल्या हातात येतात.

आणि चंद्र प्रत्यक्ष दिसलाच पाहिजे असा हट्ट करू नका. जूनपासून गणपतीपर्यंत बेळगावात चंद्र बघायचा म्हटलं तर ढग फाडावे लागतील.

अमावस्येची बैठक

एक वही घ्या. मी मापाच्या वहीच्या मागच्या बाजूनं लिहिते, म्हणजे ती रोज हाताखाली येते. पानं काढायच्या आधी, आधीच म्हणते मी, या महिन्यात मनात असलेली सगळी कामं लिहून काढा. बँकेचं केवायसी, मुलाची फी, गुडघ्याची फिजिओथेरपी, बहिणीशी बंद झालेलं बोलणं. मग त्यातलं एक निवडा. एकच. दोन निवडणाऱ्यांचं एकही होत नाही, हे मी माझ्याकडं येणाऱ्या बायकांत बघत आलेय.

आता तीन पानं. पिसताना अडचण येईल, कारण ही पानं पत्त्यांपेक्षा मोठी असतात. चादरीवर पसरून दोन्ही हातांनी कालवा आणि गोळा करा. डाव्या हातानं कापायचं, पूर्वेला तोंड करायचं, असलं काही लागत नाही. उलटी आलेली पानं सुलटी करून ठेवा. उलट्याचा वेगळा अर्थ वाचायचं सहा महिने तरी नाव काढू नका.

पहिलं पान: मला नक्की काय हवंय? दुसरं: आडवं काय येतंय? तिसरं: पहिलं पाऊल कुठलं?

प्रश्न ‘होईल का’ असा विचारायचा नाही. ‘सीट मिळेल का’, ‘कर्ज पास होईल का’ याला पानाकडं उत्तर नाही. ‘मी काय करू’ असं विचारलं की पान कामाला येतं, कारण मग चित्रात तुम्ही स्वतःला शोधायला लागता. पुस्तिकेतला अर्थ बघायच्या आधी चित्रात काय दिसतं ते मोठ्यानं बोला. कोण आहे, काय करतोय, कुठं बघतोय, हात रिकामे आहेत का. तुमचं बोलणं लिहून घ्या, पुस्तिका शेवटी.

माझ्या भाचीचं सांगते, तिला विचारून सांगतेय. खानापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करते आणि त्यात कन्नडचा पेपर सुटत नाही. बोलते ती फडाफडा, बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमधून भांडतेसुद्धा. लिहायला घेतलं की ओत्तक्षरांना, म्हणजे कन्नडमधल्या जोडाक्षरांना अडते. तिनं वहीत लिहिलं होतं, ‘कन्नड सुधारायचं’.

पहिलं पान आलं पेज ऑफ वँड्स. एक पोरगं पालवी फुटलेली काठी धरून उभं आहे. ती म्हणाली, ‘काठी जिवंत आहे मावशी, पण हा नुसता बघतच उभारलाय.’ दुसरं फोर ऑफ पेंटॅकल्स. एक माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक डोक्यावर, दोन पायाखाली दाबलेली. पुस्तिकेत त्याचा अर्थ कंजूषपणा असा दिला आहे. तिनं वेगळं वाचलं: ‘ह्याला उठताच येत नाही. उठला तर नाणी सुटतील. मी पण चुका दिसतील म्हणून कुणाला लिहिलेलं दाखवत न्हाई.’ बघा, हे पुस्तिकेत नव्हतं. तिसरं थ्री ऑफ पेंटॅकल्स: चर्चमध्ये एक गवंडी काम करतोय आणि दोघं नकाशा घेऊन त्याच्याशी बोलतायत. म्हणजे काम दुसऱ्याच्या नजरेखाली करायचं. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड शाळेतून निवृत्त झाल्यात. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘दिना बा, हत्तु निमिष ओदु.’ रोज ये, दहा मिनिटं वाच. झालं.

पण ‘कन्नड सुधारायचं’ हे अजून उद्दिष्ट नव्हतं. गिऱ्हाईक ‘गळा थोडा खोल’ म्हणतं तेव्हा मी कात्री उचलत नाही, आधी इंच विचारते. तसंच हे. आकडा आणि तिथी आल्याशिवाय वही मिटायची नाही. शेवटी तिनं लिहिलं: ‘पौर्णिमेपर्यंत रोज अक्कांपुढं एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि तिच्यातल्या पाच ओळी लिहायच्या.’

तिन्ही पानांचा फोटो काढून ठेवा आणि जोड मिटवा. उत्तर आवडलं नाही म्हणून परत पिसायचं नाही. आवडेपर्यंत पानं काढत बसायचं असेल तर पानं कशाला हवीत?

शुद्ध पक्षात एकदाच बघायचं

प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंत पानांना हात लावू नका, नुसतं काम करा. शुद्ध अष्टमीला, म्हणजे संध्याकाळी चंद्र अर्धा आणि जवळजवळ डोक्यावर असतो त्या दिवशी, एकच पान काढा. प्रश्न: पद्धतीत काय बदलू? उद्दिष्ट बदलायला परवानगी नाही, पद्धत बदलायला आहे. भाचीला नाइट ऑफ पेंटॅकल्स आलं, नांगरलेल्या शेतात घोडा जागच्या जागी थांबवून बसलेला स्वार. तिनं पाच ओळींच्या तीन केल्या, पण एकही दिवस चुकवायचा नाही असं ठरवलं.

पौर्णिमा

पौर्णिमेची आपल्याला वेगळी ओळख करून द्यायला नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मोठ्या जत्रा पौर्णिमेलाच भरतात, माघी पौर्णिमेची भरत हुण्णिमे त्यातलीच. ज्येष्ठी पौर्णिमेला, कार हुण्णिमेला, बैल रंगवले जातात. कामाचा एक टप्पा संपला की पौर्णिमा बघायची, ही सवय या मातीत आधीपासून आहे.

पौर्णिमेला पान एकच आणि प्रश्न साधा: काय हाताला लागलं? पण आधी वहीतला आकडा मोजा, पान नंतर. आकडा खोटं बोलत नाही, पानाला आपण हवं तसं वाकवू शकतो. भाचीला आलं फाइव्ह ऑफ कप्स, काळी शाल पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडं मान खाली घालून बघतोय. तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, त्याच्या पाठीमागं बघ. तिथं दोन पेले उभे आहेत, त्याला ते दिसत नाहीत. मग तिनं वाचलेल्या बातम्यांची यादी केली, आणि अक्कांनी लाल पेनानं केलेल्या खुणा कुठल्या कमी झाल्या ती दुसरी यादी.

कधी कधी पान अजिबात जुळत नाही. ओढून ताणून जुळवू नका. ‘जुळलं नाही’ एवढं लिहा आणि पुढं जा.

वद्य पक्ष: खरं काम इथं आहे

चंद्रावरून संकल्प करणारे बहुतेक लोक पौर्णिमेला थांबतात. वाढणाऱ्या चंद्राचं सगळ्यांना कौतुक. माझं मत उलटं आहे. आमच्यासारख्या घरात करायला काही नाही अशी अडचण कधीच नसते. करायला फार आहे, ही अडचण असते. म्हणून उतरणारा पंधरवडा जास्त महत्त्वाचा, आणि त्यात नवीन काहीही सुरू करायचं नाही. फक्त कमी करायचं.

त्याला दिवस सांगते: संकष्टी. वद्य चतुर्थीला उपास असतो आणि चंद्रोदयाची वाट बघत बसावं लागतं. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो दिवस मावळताना वर येतो, त्यानंतर तीन-चार दिवस गेले की रात्री नऊच्या आसपास. स्वयंपाक झालेला असतो, मोदक झाकून ठेवलेले असतात, टीव्हीवर लक्ष लागत नाही. तो वेळ वहीला द्या. उपास नसला तरी बसा. एक पान काढा: काय सोडू?

भाचीला सेव्हन ऑफ कप्स आलं. ढगात सात पेले, एकात किल्ला, एकात दागिने, एकात साप, आणि खाली एक माणूस तोंड वासून बघतोय. ती हसायलाच लागली. तिच्या फोनमध्ये टेलिग्रामचे ढीगभर ग्रुप होते आणि पाच वेगवेगळ्या परीक्षांचे पीडीएफ. संकष्टीपासून वद्य अष्टमीपर्यंत तिनं दोन परीक्षा निवडल्या आणि बाकीचं उडवलं. ते करायला तिला बातम्या वाचण्यापेक्षा जास्त त्रास झाला, हे तिनंच सांगितलं.

माझ्याकडं एका वद्य पक्षात टेन ऑफ वँड्स आलं होतं, दहा काठ्यांचा भारा तोंडापुढं धरून वाकून चाललेला माणूस. त्याला समोरचं गाव दिसतच नाही. मी संध्याकाळी सातनंतरची ‘आत्ता थांबून नेतो’वाली फॉल-पिकोची कामं बंद केली. दोन गिऱ्हाइकं रुसली, शेजारच्या गल्लीत गेली. जाऊ देत. तेवढ्या वेळात एका ब्लाउजचं अस्तर नीट बसतं.

सोडायच्या गोष्टीलाही आकडा लागतो. ‘मोबाइल कमी करायचा’ हे चालणार नाही. ‘रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर’ हे चालेल.

वद्य चतुर्दशीला काही काढायचं नाही. वहीतली महिन्याची पानं वाचायची, काय झालं त्यापुढं बरोबरची खूण, नाही झालं त्यापुढं फुली. फुलीचं कारण लिहीत बसू नका, त्यातच वही संपते.

मोठं पान आलं तर

बावीस मोठ्या पानांतलं एखादं आलं की लोक गडबडतात. तेरावं पान डेथ आलं तर विचारूच नका. सासूबाईंनी ते मशीनवर पडलेलं बघितलं आणि ‘हे काय गं घरात आणलीस’ म्हणून हळदी-कुंकवाचा करंडा काढला. पान नीट बघा: पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, हातात काळं निशाण, त्यावर पांढरं फूल, आणि मागं क्षितिजावर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य. महिन्याच्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच की काहीतरी संपलंय, तुम्ही अजून ते ओढताय. सोळावं टॉवर आलं, वीज पडून कळस उडालेला बुरूज, तर तुमच्या बेतातला कच्चा भाग कुठला ते विचारा. बहुतेक वेळा तो ‘नवरा सोडायला येईल’ असल्या भरवशावर बांधलेला असतो.

अठरावं द मून. चंद्रावरून काम करतो म्हणून हे शुभ, असं काही नाही. त्यात कुत्रा आणि लांडगा चंद्राकडं बघून भुंकतायत, पाण्यातून एक खेकडा वर येतोय आणि वाट अंधुक आहे. हे अमावस्येला आलं तर मी त्या महिन्यात पैशाचा मोठा निर्णय घेत नाही, नुसती माहिती जमवते.

आजारपण, कोर्टातलं प्रकरण, जमिनीचा व्यवहार, कर्ज यांसाठी पानं काढू नका. डॉक्टर आहेत, वकील आहेत, त्यांच्याकडं जा. दुसऱ्यासाठी पानं काढलीत तर पैसे घेऊ नका. पैसे घेतले की समोरच्याला गोड उत्तर द्यावंसं वाटायला लागतं.

अधिक महिना, ओल आणि चुकलेली अमावस्या

साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. त्या महिन्यात मी नवीन उद्दिष्ट घेत नाही. आधीच्या महिन्यांतल्या फुल्यांमधली एक उचलते आणि तीच पुरी करते.

पावसाळ्यात पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, कडा फुगतात. रेशमी पिशवी वगैरे दिसायला छान, पण आमच्या हवेत स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा बरा. आत एका चिंधीत मूठभर तांदळाची पुरचुंडी ठेवा, महिन्याला बदला.

अमावस्या हुकली तर शुद्ध द्वितीयेपर्यंत बसलं तरी चालतं, पश्चिमेला कोर दिसायला तेव्हाच लागते. त्याच्याही पुढं गेलं तर मधेच उद्दिष्ट घेऊ नका. थेट संकष्टीला वही उघडा आणि त्या महिन्यात फक्त सोडायचं पान काढा.